तांबडीचा डावा पाय

"नाहीच बदलला! बघ खाली, बघ! डोळे फुटले का तुझे?"

रिंगणाच्या मधोमध चाबूक धरून उभे असलेले बाबा कडाडले, तशी तांबडीवर बसलेल्या लेकीने सवयीने मान खाली घातली. वळण डावीकडचं, म्हणजे दौडीत डावा पाय पुढे पडायला हवा; पडत होता तो अजून उजवाच. तांबडी घोडी अडखळली, कशीबशी सावरली.

फाटकाशी घोडी न्यायला आलेली गाडी मागचं दार उघडून उभी होती. आज वळणावर पाय बदलला नाही तर तांबडीची कायमची रवानगी, हे बाबांनी सकाळी दात घासता घासता ठरवून टाकलं होतं. शिंगरू होती तेव्हापासून लेकीने तिला वाढवलेली. पण तिला विचारतो कोण!

"पुन्हा!"

पुन्हा तेच. बाबांची आरोळी, हिची खाली गेलेली मान, मानेमागोमाग झुकलेला डावा खांदा आणि तो मेला उजवा पाय.

"बिनडोक जनावर!" बाबांनी सपकन चाबूक ओढला. तांबडीच्या मांडीवर वळ उठला.

"बाबा, मारायचं नाही तिला!"

"मग कुणाला मारू, तुला? लहानपणापासून कानीकपाळी ओरडतोय, पायावर नजर ठेव. ऐकशील तर शपथ!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने घोडी वळवली, दौडीला घातली आणि नजर रोखली ती थेट बापाच्या तोंडावर. बघच म्हणता ना? घ्या, बघते. वळण आलं. रागाने ती खोगिरावर ताठ बसली होती. तिने उजवी टाच लावली आणि तांबडी अलगद उचलली गेली. डावा पाय पुढे पडू लागला.

बाबांनी वासलेला आ तसाच राहिला.

"पायाकडे बघत का नव्हतीस?" त्यांनी विचारलं.

"बघते म्हणूनच बिघडतं!" तिने लगाम खेचला. "खाली बघितलं की माझा सगळा भार तिच्या डाव्या खांद्यावर. तोच तर तिने उचलायचा! आणि बघायला शिकवलं कुणी मला? तुम्ही! वळ मात्र तिच्या अंगावर."

"बरं बरं. खाली ये आता."

"आधी गाडी घालवा. तोवर मी उतरत नाही."

बाबा तोंडातल्या तोंडात पुटपुटत फाटकाकडे गेले. गाडीवाल्याने विचारलं, "काय साहेब, चढवायची ना घोडी?"

बाबांनी एकदा मागे पाहिलं. मग पडेल आवाजात म्हणाले, "जा तू. घोडीत काही खोट नाही."

"मोठ्याने बोला, बाबा!" लेक खोगिरावरून ओरडली. "तिला ऐकू जाऊ दे!"