पाठांतर

मालिकेत ती फसवल्या गेलेल्या पत्नीची भूमिका करीत असे. बाजारात अनोळखी बायका तिचा हात धरून कळवळत, "सोड गं त्या मेल्याला!" हे किस्से ऐकून शेजारची मैत्रीण चहाचा कप सावरत हसे, "नवऱ्याला दाखव हो, धडा घेईल!" घरी पाठांतराच्या वेळी समोरच्या पात्राचे संवाद नवराच वाची, वर्तमानपत्रातलं हवामान वाचावं तसे, सपाट स्वरात.

त्या संध्याकाळी कबुलीचा प्रवेश होता.

"हो, माझ्या आयुष्यात दुसरी आहे," त्याने वाचलं, आणि त्याचा आवाज प्रथमच थरथरला.

"कोण आहे ती?" तिने आपलं वाक्य म्हटलं.

त्याने कागद मांडीवर ठेवला. "शेजारची. तुझ्याबरोबर रोज चहा पिते, ती. मला आता हे लपवणं पेलवत नाही गं."

भिंतीपलीकडे कुणीतरी कपबश्या विसळत होतं. तो आवाज थांबेपर्यंत ती ऐकत राहिली. मग तिने तो कागद उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.


"पहिल्यापासून घेऊ या," ती म्हणाली. "या वेळी लिहिलंय तेवढंच वाच."