अध्यक्षांचे दोन शब्द

या, जवळ येऊन बसा. टाळ-मृदंग लागायला अजून वेळ आहे, तोवर एक गोष्ट ऐका. लहानशीच आहे, आपल्या वर्धा जिल्ह्यातली, दोन हजार सात सालची.

जनावरांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांच्या जिल्हा संघटनेनं एका रविवारी आपली वेबसाइट सुरू केली. नाव ठेवलं ‘बैठक’. ज्याला अडचण आली त्यानं तिथं लिहावं, ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगावं, एवढंच तिचं काम. हार झाले, पेढे वाटले, अध्यक्ष प्रभाकररावांनी बटण दाबलं. संघटनेचा सचिव रत्नदीप वर्षभर त्यांच्या मागे लागला होता, तेव्हा कुठं हा दिवस उगवला. निघताना प्रभाकरराव सगळ्यांना म्हणाले, आधी मी दोन शब्द लिहीन, मग तुम्ही सुरू करा.

आणि ते लेकीकडे पुलगावला निघून गेले.

सोमवारी रत्नदीपनं नालवाडीच्या सायबर कॅफेत चारदा ‘बैठक’ उघडली. सदस्य येत होते, बघत होते, परत जात होते. लिहीत कुणीच नव्हतं. कीर्तनात बुवांनी चाल धरल्याशिवाय टाळकरी टाळ वाजवत नाहीत, तसे सगळे थांबलेले. दोघा-तिघांना त्यानं फोन करून पाहिला. साहेबांच्या आधी कसं लिहायचं, म्हणाले. एकानं तर चिमटा काढला: तू सचिव ना बाबा, मग तूच लिही, पाहू तुझी छाती.

मंगळवारी संध्याकाळी पहिला मजकूर दिसला. लिहिणारी ज्योत्स्ना, कारंजा घाडगेच्या दवाखान्यात महिन्यापूर्वीच लागलेली पोरगी. संघटनेच्या रीतीभाती तिला कुणी सांगितल्याच नव्हत्या.

‘तानाबाईंची म्हैस सकाळी व्याली, तेव्हापासून बसूनच आहे. कॅल्शियम दिलं. मान उचलते, मागचे पाय उचलत नाही. डॉक्टर रजेवर आहेत. घरात हे एकच जनावर. पुढे काय करू?’

रत्नदीपला ठाऊक होतं पुढे काय करायचं. अशी कितीतरी जनावरं त्यानं उभी केली होती. अर्धं उत्तर त्यानं टाइपही केलं, मग बोटं थांबली. आपण आधी लिहिलं म्हणून साहेब रागावले आणि बंद करा हे सगळं म्हणाले, तर? त्यानं अक्षरं एकेक करून पुसली. पुलगावला फोन लावला. प्रभाकरराव म्हणाले, येतो गुरुवारी, घाई कायची? म्हशीचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण साहेबांना शिकवल्यासारखं होईल म्हणून त्यानं ते गिळलं. ज्योत्स्नाला कुणीतरी फोन केलाच असेल, अशी मनाची समजूत घातली.

बुधवारी त्याला घास गोड लागेना. दवाखान्यात दोनदा चुकीची बाटली उचलली. दर तासाला सायकल काढून कॅफेत जायचा. किती जणांनी वाचलं त्याचा आकडा प्रश्नाखाली दिसायचा: तेवीस, एकेचाळीस, सत्तावन्न. उत्तर एकही नाही.

गुरुवारी सकाळी त्यानं प्रभाकररावांना स्टेशनवरूनच कॅफेत आणलं. त्यांनी चष्मा लावला, खिशातून चार पानांचं भाषण काढलं आणि बराच वेळ कीबोर्डकडे पाहत राहिले.

“मले यावर लिहिता येत नाई रे,” ते हळूच म्हणाले. “तू लिहून घे. मान्यवर सदस्यहो…”

रत्नदीपनं लिहिलं नाही. ज्योत्स्नाचा प्रश्न त्याला तोंडपाठ झाला होता, तो त्यानं त्यांना म्हणून दाखवला.

प्रभाकररावांनी पानं बाजूला ठेवली. ‘मान्यवर सदस्यहो’ तिथंच राहिलं. एका दमात ते सांगत गेले आणि रत्नदीप टाइप करत गेला: कुटार-भुशाची पोती दोन्ही बाजूंनी लावून तिला सरळ बसवा, अंगाखाली तणस पसरा, दर दोन तासांनी कूस बदला, फॉस्फरसचं इंजेक्शन द्या, सोडू नका तिला. मजकूर गेला. प्रभाकररावांची नजर प्रश्नाच्या तारखेवर पडली.

“हे तं मंगळवारचं हाय. फोनवर काऊन नाई सांगतलं मले?”

“तुमच्या पह्यले कोन बोलन, साहेब?”

तेवढ्यात पान नव्यानं उघडलं. प्रभाकररावांच्या उत्तराच्या वर ज्योत्स्नाची आणखी एक ओळ होती, त्याच सकाळची. घाईत रत्नदीपनं ती पाहिलीच नव्हती.

‘म्हैस काल संध्याकाळी गेली. तानाबाई सारख्या विचारत होत्या, कोणाचं उत्तर आलं का. मी नाही म्हटलं.’

रत्नदीपनं विचारलं, आपलं उत्तर पुसू का?

“राहू दे,” प्रभाकरराव म्हणाले. “लोकायले दिसू दे, कवा लिहिलं ते.”

अध्यक्षांनी लिहिलं हे दिसताच सगळ्यांचे हात मोकळे झाले. संध्याकाळपर्यंत त्या प्रश्नाखाली एकोणीस उत्तरं आली. एकोणीसच्या एकोणीस बरोबर होती.

पुढे ‘बैठक’ चांगली नावारूपाला आली म्हणतात. तिच्यामुळे पुष्कळ जनावरं वाचली, आणि ते खरंच आहे. पण मायबाप, आज कीर्तन संपल्यावर देवापुढं हात जोडाल तेव्हा कारंज्याच्या तानाबाईंना आठवा. उत्तर आलं का, एवढंच त्या विचारत होत्या.