मुकादमाचा खोकला

“त्यांना खोदून खोदून विचारू नकोस गं. जरा ऊब दे, आपसूक बोलतील.”

थंडीत थिजलेल्या तेलाची बाटली दोन्ही तळव्यांत धरून आई बसायची आणि बाबांविषयी असं बोलायची. बाटलीतलं तेल हळूहळू कडा सोडायचं, वाहू लागायचं. आई जाऊन बरेच हिवाळे झाले. आवाज मात्र लेकीच्या कानात तसाच राहिला, कोमट.

आता प्रयोगशाळेत लेकीच्या हाती काचेची बारीक नळी होती. नळीत मुकादमाच्या रक्तातलं पिवळसर पाणी. मुकादम म्हणजे बाबांचा कुत्रा. रस्त्यावरून चालताना दहा पावलं पुढे जायचा आणि मागे वळून सगळ्यांकडे असं बघायचा, जणू कोण कामचुकारपणा करतंय ते हेरतोय. म्हणून मुकादम.

डास चावतो, जंत शिरतो आणि कुत्र्याच्या हृदयात दोऱ्यासारखा वाढत जातो. त्याची खूण रक्तात असते. पण कधी कधी शरीराचेच राखणदार त्या खुणेला इतके घट्ट कवटाळून बसतात, की चाचणीच्या पट्टीला ती दिसतच नाही. पट्टी म्हणते ठणठणीत, आणि कुत्रा आतून पोखरत जातो. लेकीची सारी खटपट ही चाचणी सुधारण्याची. नळी आधी नीट तापवायची. मिठी सुटते, खूण मोकळी होते, पट्टीवर रेघ उमटते. निरोगी म्हणून घरी धाडलेले कितीतरी कुत्रे तिने असे परत बोलावले होते, वेळेत औषधाला लावले होते.

हा एक मुकादम तेवढा दाद देत नव्हता; बाबा सांगत तो खोकतो, पट्टी मात्र दर वेळी कोरी.

आजही जिन्यावर आधी त्याचीच नखं वाजली होती. तो दारात येऊन बसला, जांभई दिली. बाबा बऱ्याच वेळाने आले, कठडा धरत धरत.

“जिना चढवत नाही गं त्याला,” खुर्चीत टेकत ते म्हणाले.

“तो तर केव्हाचा वर आलाय, बाबा.”

“तुझ्यापुढे मिजास करतो. घरी बघ एकदा. पहाटे खोकल्याची उबळ आली की... भिंतीला टेकून उभा राहतो बिचारा.”

“आणि खाणं?”

“अर्धं टाकतो.”

मुकादमाच्या गळ्यातला पट्टा या खेपेला एक भोक सैल करून बांधलेला होता. लेकीने त्याचं पोट चाचपलं, कानांतली नळी छातीला लावून ऐकलं. काही लागेना. पण जनावराला वाचा नसते, त्याचं दुखणं मालकाच्या तोंडून ऐकायचं, हा तिच्या विद्येतला पहिला धडा. आणि हा मालक तर तिने जन्मात खोटं बोलताना पाहिला नव्हता.

तिने नळी तापवली. आतलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठलं. यंत्रात फिरवून वर आलेला निवळ थेंब तिने पट्टीवर सोडला. दोघं बघत बसली. मुकादम टेबलाखाली घोरू लागला.

पट्टी कोरी राहिली. याही वेळी.

लेकीने हातमोजे काढून ठेवले. “उद्या मला हे काम वरिष्ठांपुढे मांडायचंय. मी सांगणार आहे, ही पद्धत वापरू नका.”

“एका कुत्र्यापायी?”

“एका का होईना, बाबा. माझ्या डोळ्यांदेखत आजारी कुत्रा हातून निसटतोय. मग न दिसलेले किती निसटले असतील? लोक विश्वासाने आणतात हो.”

पट्टी उचलून बाबांनी उजेडाकडे धरली, जणू आपल्या डोळ्यांना तरी रेघ सापडेल. मग ती अलगद खाली ठेवली.

“सापडलं असतं,” ते म्हणाले, “तर बरं होतं का असलं दुखणं?”

“लवकर कळलं तर पुष्कळदा होतं.”

“ठेवून घेतात का? दार लावून? आपल्या माणसाला बाहेर बाकावर बसवून?”

लेकीने वर पाहिलं. आईच्या शेवटच्या दिवसांत बाबा तसेच बसले होते, इस्पितळातल्या बंद दाराबाहेर, गुडघ्यावर आईची शाल घेऊन.

“मी असेन ना जवळ,” ती म्हणाली. “दार नाही लावू द्यायची.”

तिने त्यांचे हात हातात घेतले. गार होते, आणि नको इतके हलके. अंगठी बोटात गरगर फिरत होती. लेकीने काही विचारलं नाही. दोन्ही तळव्यांत ते हात धरून ती नुसती बसून राहिली. टेबलाखाली मुकादम एका लयीत, स्वच्छ श्वास घेत होता. खोलीत घरघर ऐकू येत होती ती वेगळीच, अगदी जवळून येणारी.

हातांत जराशी ऊब उतरली तेव्हा बाबांचे ओठ हलले.

“तुझी पट्टी खरी आहे, पोरी. मुकादमाला काही झालेलं नाही. खोकतो तो मी.”