पास झालेली कातडी

तिसरी बांगडीही पिचली. जयवंताआक्कानं रतन कासारणीला पाटावरून उठवलं.

"इंदापुरात मोठं दुकान म्हणं! साधा अंगठा दुमडता येईना. ऊठ."

नात छकुलीच्या लग्नाचा हिरवा चुडा होता. घरातल्या थोरल्या सवाशिणीचा हात भरल्याशिवाय बाकीच्यांनी हात पुढं करायचा नाही, ही कऱ्हाटीतल्या या घराची रीत. ओसरीवर पंधरा बाया खोळंबल्या होत्या. आक्काचं रुंद हाड दाबून बांगडी सरकवणारी आसपास एकच होती, लोणी भापकरची शमा. आणि तिला आक्कानंच दोन वर्षांपूर्वी दारातून हाकललं होतं. शमाच्या हातांना इसब झालं होतं. बोटं चिरलेली, लस गळत असलेली. "खरूज घरोघर वाटत फिरती," असं आक्कानं गावभर केलं. इसब एकाचं दुसऱ्याला लागत नसतं, हे आक्काला कोण सांगणार? शमाची पाच गावं बंद झाली.

आक्काला दुसऱ्याच्या कातडीची भारी किळस. स्वतःच्या कातडीचा तोरा मात्र भिंतीवर काच लावून टांगलेला. गेल्या वर्षी बारामतीला डॉक्टरांनी चाळीस बायांच्या कोपराच्या आतल्या बाजूनं कापूस फिरवला. चाळिसांत एकटी आक्का पास झाली. हॉस्पिटलातून आभाराचं पत्र आलं, तेच हे काचेतलं. कागदावर अंगठा कशासाठी घेतला, ते डॉक्टरनं नीट सांगितलं होतं. पण आक्का तेव्हा नापास झालेल्या बायांची तोंडं बघत होती.

छकुलीनं फोन केला आणि शमा तासाभरात आली. पेटी उतरवून ती पाटावर बसली. आज या ओसरीवर हात भरला, तर पाचही गावं परत उघडणार होती. नाही तर पेटी कायमची माळ्यावर.

"दाव आधी," आक्का म्हणाली.

शमानं हात पुढं केले. नितळ होते. आक्कानं ते भाजीवाल्याची वांगी उलटीपालटी करावीत तसे उलटेपालटे केले.

"काय चोपडलंस?"

"मलम हाय, आक्का. डॉक्टर देत्यात. एका बाईच्या चांगल्या कातडीवरचं जंतू काढायचं, वाढवायचं, मलमात घालायचं. ते आपल्या कातडीवरच्या वाईट जंतूंना मारत्यात."

आक्कानं तिचे हात टाकून दिले.

"शी! दुसऱ्या बाईचा मळ फासून माझ्या दारात आलीस? अगं, उष्टं खाल्लेलं परवडलं. आन् कोण ती घाणेरडी, अंगावर जंतू पोसणारी? आंघोळ तरी करती का सटवी?"

ओसरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शमा हसली नाही. तिनं आक्काचा हात धरला, अंगठा तळव्यात मुडपला, हाड हलकेच दाबलं. बांगडी पाण्यातून सरकावी तशी मनगटावर गेली.

"नाव सांगत न्हाईत," ती म्हणाली. "एवढंच म्हणाले, बारामतीला चाळीस बाया तपासल्या. एकीच्याच कातडीवर घावलं."

हसू थांबलं. पंधरा डोकी भिंतीवरच्या काचेतल्या पत्राकडं वळली. छकुलीनं खाली बघून ओठ दाबले.

आक्कानं मान वळवली नाही. पत्रात काय आहे ते तिला वाचता येत नव्हतं, पण चाळीसचा आकडा तिनंच वर्षभर गावाला ऐकवला होता. शमाच्या बोटांकडं एकवार बघितलं. मग तिनं दुसराही हात शमाच्या पुढ्यात टाकला.

"बघत काय बसलीस? भर. तुझं अर्धं हात तर माझंच हायत."