खोगीरवाल्याची शर्यत

कोबी खारवायचं एक पिंप, दोन फळ्या कमी.

चार पिढ्यांचं खोगिरांचं दुकान. पहिला बर्फ पडला की दाराला पाटी: मालक डोंगरावर आहेत, खोगीर हवं असेल तर तिथं या. लोक जायचेही.

एक तांबडी घोडी, कपाळाला लाल फीत. शर्यतीचं बक्षीस.

लोकरीच्या नमद्याच्या तंबूच्या दाराशी बर्फात खोचून उभ्या केलेल्या दोन जुन्या स्की.

आणि शार्शेन आजोबांचे हात. अजून मिटलेले.

त्या हातांकडेच जिपार बघत होती. बाप जाऊन वर्ष झालं की अश घालायचं: पाहुणे, मांस, आणि गेलेल्याच्या नावानं घोड्यांची शर्यत. काराकोल गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. तिनं पाहुणे बोलावले होते, मांस कढयांत शिजत होतं, आणि शर्यत ठेवली होती ती बापाच्या आवडत्या स्कीची. स्पर्धक केव्हाच उताराच्या माथ्यावर जाऊन थांबले होते. घरातल्या सर्वांत थोरल्या माणसानं तळवे उघडून आशीर्वाद दिला की ते सुटणार. थोरले म्हणजे तिच्या बापाचे काका, शार्शेन. त्यांनी तळवे उघडले नाहीत, तर आजचा दिवस लोकांच्या लक्षात राहील तो जेवणावळ म्हणून. तिच्या बापाचं, तोलोगोनचं अश म्हणून नाही.

"घोडे कुठायत?" शार्शेननी विचारलं. दिसत असूनही विचारलं.

"एक आहे की, आजोबा. बक्षिसाला."

"वा! म्हणजे घोडा उभा राहून बघणार आणि माणसं धावणार."

मागच्या म्हाताऱ्यांत हशा पिकला. आजोबांना जोर चढला. "आपण खोगीरवाले, पोरी. आपल्या खोगिरावर बसला नाही असा माणूस या खोऱ्यात शोधून सापडायचा नाही. आणि आपल्याच माणसाचं अश लाकडाच्या दोन पट्ट्यांवर?"

"ते घोड्यावर बसत राहिले असते," जिपारची आई कुंदुझ कढईमागून म्हणाली, "तर हे अश तीस वर्षं आधीच घालावं लागलं असतं. मला मागायला आले तेव्हा आमच्या दारातच पडले. अख्ख्या गल्लीनं बघितलं."

आता बायका हसल्या.

"हसा, हसा," शार्शेन म्हणाले. "गेलेल्याच्या घोड्यावर खोगीर उलटं घालतात, लोकांपुढून फिरवतात. तेव्हा कळतं, कोण गेलं ते. तुझ्या बापाचं काय फिरवायचं? सांग."

वर कुणीतरी थंडीनं पाय आपटत होतं. जिपारनं दाराशी जाऊन स्की उपसल्या आणि त्यांच्यापुढं धरल्या.

"हे."

आजोबांनी मान वळवली. पण चामडं इतकं जवळ आलं की खोगीरवाल्याला राहवत नाही. त्यांनी हातमोजा काढला. बुटाला आवळणाऱ्या वादीवरून अंगठा फिरला, थांबला, परत मागं आला.

"हा टाका कुणी घातला?"

"बाबांनी."

"हा नवरीच्या खोगिराचा टाका आहे. दुसऱ्या कशालाच घालत नाही आपण. गिऱ्हाईक पाया पडलं तरी."

"दर उन्हाळ्यात उसवायचे आणि नव्यानं घालायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, घरचं काम आहे, नीट झालं पाहिजे."

शार्शेन दुसऱ्याच्या कामात खोट शोधावी तसे वादी उलटसुलट करून बघत राहिले.

"एक टाका तिरका नाही," शेवटी ते म्हणाले. तक्रार केल्यासारखे. आणि मग, "त्याचे बूट आण."

तिनं आणले. त्यांनी ते स्कीमध्ये अडकवले, वाद्या स्वतः आवळल्या. घोडीच्या खोगिराच्या कडीतून दोर ओवला आणि दुसरं टोक स्कीच्या शेपटांना बांधलं. पुढच्या वळलेल्या टोकांना नाही, मागच्या शेपटांना. कुणी लगाम धरायला पुढं आलं, तर त्याला कोपरानं बाजूला सारलं.

घोडी निघाली. मागून स्की उलट्या सरकत आल्या, वर वळलेली टोकं मागं, रिकामे बूट आल्या वाटेकडं तोंड करून. बर्फावर दोन रेषा उमटत गेल्या. बसलेले लोक उभे राहिले. जे म्हातारे हसले होते, ते सगळ्यांत आधी.

कुंदुझनं झारा खाली ठेवला आणि विधवेनं म्हणायचं शोकगीत सुरू केलं.

"चार पायांवर जो टिकला नाही, दोन पट्ट्यांवर जो ढळला नाही..."

तिचा आवाज फाटला, पण मान ताठ होती. जिपार तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

उताराच्या पायथ्याशी शार्शेन थांबले आणि वर बघून ओरडले, "कोण गेलं?"

"तोलोगोन!" वरून सगळे एका दमात ओरडले.

"कोण तोलोगोन?"

"खोगीरवाला!"

त्यांनी दुसरा हातमोजाही काढला. तळवे उघडले.

माथ्यावरून स्पर्धक सुटले आणि बर्फाचा लोट उठला.

तोलोगोन नऊ वर्षांचा असताना त्याच्या पायांना कोबीच्या पिंपाच्या दोन फळ्या स्की म्हणून बांधल्या होत्या, त्या शार्शेननी.