वीस जणांपुरती जागा

आमच्या हॉस्पिटलच्या सगळ्या नोंदी ऑफिसातल्या एका साध्या डेस्कटॉपवर आहेत, आणि तो एका वेळी वीसच कॉम्प्युटरना आत घेतो. कॉम्प्युटर आहेत पस्तीस. त्यामुळे सकाळी आल्याआल्या जो तो प्रोग्रॅम उघडून बसतो आणि सख्खी आई आली तरी संध्याकाळपर्यंत जागा सोडत नाही. यावरून लॅब आणि फार्मसीचं बोलणंसुद्धा बंद आहे.

आज दुपारी इमर्जन्सीत एका बेशुद्ध आजोबांना आणलं. खिशात आमच्याच हॉस्पिटलचं कार्ड होतं. इंजेक्शन भरता भरता डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, यांची जुनी नोंद बघा, लवकर." स्क्रीनवर आलं, 'जागा नाही.' मी ऑफिसात, तो डेस्कटॉप सांभाळणाऱ्या मुलाला फोन लावला.

"कुणालातरी बाहेर काढ रे!"

"कुणाला काढू, ताई? कोण रिकामं बसलंय ते इथून कळत नाही. नेमकं कुणाचंतरी काम अर्धवट तुटायचं."

मी सरळ हॉस्पिटलभर ऐकू जाणारा घोषणेचा माइक ओढला. "इमर्जन्सीतून सिस्टर बोलतेय. पेशंट बेशुद्ध आहे, नोंद उघडत नाहीये. एकाने तरी प्रोग्रॅम बंद करा, हात जोडते!"

दुसऱ्या मिनिटाला नोंद उघडली.

"डॉक्टर, थांबा! पेनिसिलिन नको यांना, ॲलर्जी आहे!"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि दुसरं औषध भरलं. तासाभराने आजोबांनी डोळे उघडले आणि आधी चष्मा मागितला.

मी पुन्हा ऑफिसात फोन केला. "आभार मानायचेत रे. कोण बाहेर पडलं?"

पलीकडून माउसची टकटक ऐकू आली.

"ताई, तेव्हा आत तुम्ही एकट्याच होतात."