पाढ्यांचं चाक

नव्या मध्य प्रदेशाचं पहिलंच वर्ष होतं. विनायक गुरुजींच्या वर्गात अर्धी मुलं पाढे मराठीत म्हणायची, अर्धी हिंदीत, आणि तेराच्या पाढ्याला दोन्हीकडची सारखीच अडखळायची. म्हणून गुरुजींनी पुठ्ठ्याचं चाक केलं. ते फिरवलं की छोट्या खिडकीत उत्तर दिसायचं.

"मुलांना पाढा आला, तर सगळ्या शाळांना विकतो बघा," पाट्या-वह्यांचे दुकानदार यादवशेठ म्हणाले.

गुरुजींनी चाक मुलांच्याच हाती दिलं.

"गुरुजी, ये तो फिरतच नाही," गोटू म्हणाला. दुसरं केलं, तर त्याची खिडकी धुरपदाला बारीक वाटली. तिसरं ओल्या हातांनी फुगलं. दर नव्या चाकावर आकडे मुलंच लिहायची. चुकले, की गुरुजी शांतपणे पुन्हा लिहायला लावायचे.

अखेर चाक झकास फिरू लागलं आणि शेठ वर्गात आले.

"तेरा सक?"

"अठ्ठ्याहत्तर!"

"तेरह सत्ते?"

"इक्यानवे!"

चाकाला कुणी हातही लावला नाही.

"अरे, चाक तरी फिरवा!" गुरुजी कासावीस झाले.

"आता कशाला, गुरुजी?" धुरपदा म्हणाली. "इतक्या वेळा आम्हीच तर लिहिलं ते."

शेठनी चाक उचलून उलटसुलट करून पाहिलं. गुरुजींना वाटलं, संपलं सगळं.

 

"गुरुजी, शंभर चाकं द्या," शेठ म्हणाले. "पण आकडे न घालता, कोरीच."